चेस्टनट रस्त्यावरचा गप्प कोपरा

फिलाडेल्फिया, २९ मे १७८७, मंगळवार

आज माझं तोंड बंद केलं. आत कोंडलेलं कुठेतरी ओतायला हवं, म्हणून ही वही. माझा नवरा सायरस ज्या घरी लाकडं कापतो तिथल्यांनी अर्धी वापरून फेकलेली. तो ती चूल पेटवायला घेऊन आला होता. क्वेकर पंथाच्या लोकांच्या शाळेत मी दोन हिवाळे गेले होते, तेवढ्यावर लिहिते. चुकलं तर चुकलं. कोण वाचतंय?

झालं असं. स्टेट हाऊसमध्ये राज्याराज्यांतले साहेब जमलेत. देशाचा कारभार कसा चालवायचा ते ठरवताहेत म्हणे. इंग्रजांशी लढाई संपून इतकी वर्षं झाली, आता सुचलं यांना. ठरवा बापडे. दारावर बंदूकवाले उभे केले, खिडक्या लावून घेतल्या, गाड्यांचा खडखडाट आत जाऊ नये म्हणून रस्त्यावर माती पसरली. तिथवर माझं काही म्हणणं नव्हतं. मी रोजच्यासारखं चेस्टनट आणि सहाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर पातेलं टेकवलं, झाकण काढलं आणि हाक दिली, "मिरीचा रस्सा! आत्ता उतरवलाय! झोपल्याला उठवील, उठल्याला नाचवील!"

दुसरी हाक घशातच राहिली. शिपाई टॅगर्ट काठी घेऊन समोर.

"ए डॉर्कस, बास. आजपासून हाक मारायची नाही."

"का? कोण गेलं?"

"गेलं कोणी नाही. आत देश बनतोय."

"बनू दे की! मी वजडीचा रस्सा विकतेय. देशाच्या कुठे आड आले?"

"साहेबांचं लक्ष उडतं. हुकूम आहे."

"कोणाचा?"

त्याने काठीने स्टेट हाऊसकडे दाखवलं, झालं. अख्ख्या इमारतीने हुकूम दिला जणू.

निम्मं पातेलं घरी परत आणलं. रात्री आम्हीच खाल्लं. सायरस म्हणाला, "बरंय, मला तरी बसून खायला मिळालं." त्याला हसू येतंय.

२ जून, शनिवार

हुकूम कोणाचा ते शोधत फिरले. असली गंमत उभ्या जन्मात पाहिली नाही.

दारावरच्या बंदूकवाल्याला विचारलं, "हाक बंद करा असं आतून कोण म्हणालं?" तो म्हणतो, आतलं काही विचारू नको. एक कारकून बाहेर आला, त्याला विचारलं. म्हणे, "बाई, आत काय बोलणं होतं ते बाहेर सांगायचं नाही असा नियम झालाय." मी म्हटलं, "अहो, मी आतलं विचारतच नाही. बाहेरचं विचारतेय. माझ्या तोंडाचं विचारतेय!" तर म्हणे, तुमच्या तोंडाबद्दल आत बोलणं झालं की नाही, हेसुद्धा आतलंच झालं.

भिंतीशी बोलावं तर ती निदान पाठ फिरवून निघून जात नाही.

सायरसला सांगितलं. तो म्हणाला, "त्यांचं पातेलं झाकण लावून शिजतंय, तुझं उघडं. एवढाच फरक." त्याच्या जिभेला चटका द्यावासा वाटला.

हाकेवर पोट आहे माझं. रस्सा दिसत नाही, ऐकू येतो. माणूस आपल्या विचारात चाललेला असतो. हाक कानावर पडली की त्याला भूक आठवते. याच कोपऱ्यावर हाका मारून माझ्या आईने पेनी पेनी साठवली आणि मालकाकडून आधी स्वतःला सोडवून घेतलं, मग मला. मी नऊ वर्षांची होते. तिचा घसा गेला तेव्हा हाक माझ्याकडे आली. तशीच्या तशी, चालीसकट.

आणि आम्हा हाकवाल्या बायकांचा एक कायदा आहे, कुठे लिहिलेला नाही पण मोडत कोणी नाही. उन्हाळ्यात शिंपल्यातली कालवं कोणी खात नाही. सप्टेंबरात कालवांची पहिली गाडी शहरात येते, गाडीवाला शिंग फुंकत निघतो, आणि प्रत्येक कोपऱ्यावरून तिथली बाई आपली हाक देऊन जाब देते. जिथून जाब आला नाही तो कोपरा मोकळा. जिला हवा तिने पातेलं टेकवावं.

सप्टेंबर लांब आहे. तोवर हे साहेब उठतीलच. माणसं किती बोलणार?

७ जून, गुरुवार

हाक नाही तर नाही. आईची जुनी घंटा काढली. टॅगर्टने ती खिशात घातली. मग डावाने झाकण वाजवलं. तोही आवाजच म्हणे. मी म्हटलं, "मग श्वास घेऊ का? की त्यालाही हुकूम आहे?" तो म्हणाला, "हळू घे."

मागच्या वॉलनट रस्त्यावर तुरुंग आहे. तिथले कैदी खिडकीतून लांब काठ्या बाहेर काढतात, टोकाला टोपी बांधलेली. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नाकासमोर टोपी धरतात, आणि जो काही टाकत नाही त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. स्टेट हाऊसच्या मागच्या बागेत साहेब फेऱ्या मारतात, त्यांनाही तोच प्रसाद. मी टॅगर्टला म्हटलं, "त्यांना का नाही गप्प करत?"

"कसं करू? हाक मारली तर तुला तुरुंगात टाकीन. ते आधीच आत आहेत. त्यांना आणखी कुठे टाकू?"

म्हणजे चोरी केली असती तर ओरडायची सोय झाली असती.

आज एक नवं गिऱ्हाईक. टायटस नाव. दक्षिणेकडचे कर्नल पेथ्रिक या बैठकीला आलेत, त्यांचा गुलाम. तिशीचा असेल, अंग भरलेलं, बोलणं जपून. मालकासाठी एक वाडगा नेतो आणि आपला उभ्याने पितो. वाडगा पुसून परत देत म्हणाला, "मावशी, इथे थंडी केव्हा पडते?"

जूनच्या उकाड्यात! मी म्हटलं, "का रे, रस्सा झोंबला वाटतं?"

तो हसला. "नाही. आपलं विचारलं."

१५ जून, शुक्रवार

पाटी केली. चुन्याने लिहिलं, "मिरीचा रस्सा. १ पेनी." एक अक्षर उलटं पडलं होतं, सायरसने दाखवलं. त्याला वाचता येत नाही, पण उलटं कळलं.

पाटी साफ वाया. वाचणारे लोक रस्त्यावर उभं राहून वजडी खात नाहीत, आणि जे खातात त्यांना वाचता येत नाही. एका कोचमनला वाटलं घर विकायला काढलंय. एक जण पाटीलाच टोपी काढून नमस्कार करून गेला, चर्चची म्हणून.

हॅगर बोल्डन येऊन बघून गेली. बाजारात तिचा रस्सा असतो. आम्ही एकाच वयाच्या, एकाच शाळेच्या, आणि तेव्हापासून ती माझ्या हातातल्या वस्तूकडे बघते.

"काय गं डॉर्कस, तोंडात पाणी धरलंयस का?"

"तुझ्यासारखं नाही बाई. तुझ्या तोंडात पाणी सुटतं, माझा कोपरा बघून."

"बघायला हुकूम लागत नाही," ती म्हणाली.

खरंच बघत होती. कुठे टेकवायचं, वारा कुठून येतो, सगळं.

२८ जून, गुरुवार

उकाडा असा की रस्सा चुलीशिवाय उकळावा. आणि आत खिडक्या अजून बंद! एवढे शिकलेले लोक, बंद खोलीत लोकरीचे कोट घालून बसतात. बाहेर येतात तेव्हा त्यांची तोंडं माझ्या वजडीसारखी दिसतात, सोललेली आणि पांढरी. एकमेकांशी बोलत नाहीत. काही जण रस्ता बदलून जातात. म्हणजे भांडणं चाललीत. भांडा, पण लवकर भांडा.

टायटसला म्हटलं, "तुझ्या कर्नलला सांग, उरका. सप्टेंबरात माझा कोपरा जाईल."

तो म्हणाला, "भांडू दे मावशी. सावकाश भांडू दे."

साऱ्या शहरात हा एकटाच माणूस, ज्याला ही बैठक लांबावीशी वाटते. आयतं खायला मिळतं, दुसरं काय. मी तसं बोलूनही दाखवलं. टायटस वाडगा नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसत राहिला.

४ जुलै, बुधवार

आज स्वातंत्र्याचा दिवस. सकाळपासून तोफा, सगळ्या चर्चच्या घंटा, ढोल, फटाके. दारू पिऊन पोरंटोरं, म्हातारे, सगळे बोंबलतायत. बैठकीला सुट्टी, आत चिटपाखरू नाही. मला वाटलं आज तरी. पोटातून हाक दिली. काय बरं वाटलं म्हणून सांगू! महिन्याभराचं गाठोडं सुटलं.

अर्ध्या हाकेत टॅगर्ट.

"आत कोणीच नाहीये!" मी म्हटलं.

"हुकुमात ते लिहिलेलं नाही."

"हुकूम कुठे लिहिलाय?"

"लिहिलेला नाही म्हणून तर म्हणतो, त्यात सुट्टीचं काही लिहिलेलं नाही."

तेवढ्यात कानाजवळ तोफ उडाली, दोघांनाही काही ऐकू येईना. त्याचे ओठ हलत होते आणि माझेही. मी काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. शाळेत क्वेकर बाईंनी शिकवलेल्या अक्षरांत ते लिहवत नाही.

१३ जुलै, शुक्रवार

आज डोकं फिरलंय.

दुपारी कर्नल पेथ्रिक स्वतः कोपऱ्यावर आले, बरोबर त्यांच्याच बाजूचे आणखी एक साहेब, लांब नाकाचे. दोघे खुशीत. काहीतरी मनासारखं झालेलं दिसत होतं. मागे टायटस, कर्नलचा कोचमन, आणि त्या नाकवाल्या साहेबांची तीन माणसं. सगळी गुलाम.

"डॉर्कस," कर्नल म्हणाले, "या पाचांनाही पाज. पाच वाडगे भर, आणि पैसे तिघांचे घे." आणि मोठ्याने हसले. "काल ठरलेला भाव आहे!"

नाकवाले साहेब एकदम पांढरे पडले. "कर्नल! तोंड!" म्हणाले आणि दंड धरून त्यांना मागे ओढलं. इकडे तिकडे बघितलं कोणी ऐकलं का. ऐकायला होतं कोण? मी आणि ते पाच.

मी डाव वर धरला. "साहेब, पाच तोंडं, पाच वाडगे, पाच पेन्या. तुमच्या गावात काय भाव ठरतो ते मला माहीत नाही. इथे पाचाचे तीन होत नाहीत."

कर्नल आणखी हसले, पण पाच पेन्या मोजल्या. श्रीमंत माणसं चेष्टेतसुद्धा दोन पेन्या वाचवायला बघतात! टायटस खाली बघत पीत होता. त्यालाही काही कळलं नव्हतं, पण मालक तसा हसला की त्याचे खांदे आवळतात, ते मी पाहिलंय.

साहेब हातचे सापडलेत म्हणून लगेच विचारून घेतलं, "माझ्या हाकेचा तुम्हाला आत त्रास होतो का?"

"कसली हाक? खिडक्या बंद. आम्हाला आमचंच ऐकू येत नाही."

"मग बंदी कोणी घातली?"

कर्नलचा चेहरा परत बंद झाला. "आतलं सांगता येत नाही, डॉर्कस."

"घातली नसेल तर नाही म्हणा, एवढंच!"

"नाही म्हणणं हेसुद्धा सांगणंच झालं."

पाचाचे तीन सांगायला तोंड होतं!

२७ जुलै, शुक्रवार

साहेब दहा-बारा दिवसांच्या सुट्टीवर गेलेत. कोणी मासे पकडायला गेलं, कोणी नातलगांकडे. आत चार-पाच जण बसून ठरलेलं नीट लिहून काढताहेत असं टायटस म्हणाला. बंदी तशीच.

हॅगर आता पाचव्या रस्त्याला असते. मधे फक्त स्टेट हाऊसची लांबी. तिची हाक मला ऐकू येते, आणि ती मुद्दाम माझ्याकडे तोंड करून मारते. टॅगर्टला म्हटलं, "ती चालते?" तर म्हणे, "तिचा कोपरा हुकुमात नाही."

आज मात्र सुचलं. कैदी! त्यांना टॅगर्ट हात लावू शकत नाही. संध्याकाळी पातेलं घेऊन तुरुंगाखाली गेले. एक काठी खाली आली. टोपीत पैसा टाकला नाही, वाडगा बांधून दिला, सांडू नये म्हणून वर फडकं घट्ट आवळलं. वर गेला, रिकामा खाली आला.

"कोण गं तू, देवदूत?" वरून आवाज.

"देवदूत नाही, डॉर्कस. रोज दोन वाडगे देईन. माझी हाक तुम्ही मारायची."

हाक शिकवली, चालीसकट. खिडकीतल्या आठ-दहा जणांनी पाठ केली. माझ्या आईची हाक तुरुंगाच्या गजांतून आली तेव्हा अंगावर काटा आला. चांगल्याचा की वाईटाचा, कळलं नाही.

११ ऑगस्ट, शनिवार

कपाळ माझं!

कैदी ओरडतात, अगदी जीव तोडून. पण लोक रस्सा शोधत जातात तुरुंगाखाली! हाक जिथून येते तिथे माणूस जाणार, एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात आली नाही. मी इकडे चेस्टनटवर, गिऱ्हाईक तिकडे वॉलनटवर मान वर करून उभं. आणि ते बदमाश त्यांना म्हणतात, रस्सा संपला, पेनी मात्र टोपीत टाका. टाकली नाही की शिव्या, आणि शिव्यांत माझं नाव.

वर हाकेत त्यांनी आपली भर घातली आहे. "झोपल्याला उठवील" पर्यंत ठीक, पुढचं लिहिण्यासारखं नाही. पाद्रीबाबांनी मला आज रस्त्यात बघून छत्री मधे धरली.

मी स्वतः पातेलं उचलून वॉलनटवर गेले असते, तर कोपरा सोडला असं झालं असतं. हॅगर तेवढ्याचीच वाट बघतेय. भेटली तेव्हा म्हणाली, "कालवांच्या गाडीला कैद्याचा जाब चालणार नाही हं. मालकिणीचा लागतो."

"माहीत आहे मला कायदा."

"नाही, विसरलीस की काय असं वाटलं. ओरडायची सवय सुटली की बरंच विसरतं."

घरी येऊन पातेल्याच्या तळाशी लागलेलं खरवडत बसले. सायरस आज हसला नाही. म्हणाला, "तू वॉलनटवर जा. कोपरा काय, दगड आणि चिखल."

मी म्हटलं, "त्या चिखलावर उभं राहून आईने मला विकत घेतलं."

सायरसला सोडवायला कोणी नव्हतं. तो लढाईत गेला तेव्हा गुलामीतून सुटला.

२४ ऑगस्ट, शुक्रवार

मूर्ख मी.

टायटसला परत तेच म्हटलं, "सप्टेंबर आला तोंडावर, तुझ्या मालकाला म्हणावं संपवा एकदाचं." रोज म्हणते. आज त्याने वाडगा पातेल्याच्या काठावर ठेवला आणि म्हणाला, "मावशी, तुझ्या राज्याचा कायदा तुला माहीत नाही का?"

"कुठला?"

"बाहेरच्या मालकाने गुलामाला इथे सलग सहा महिने ठेवलं, की तो माणूस मोकळा."

माहीत होता. सगळ्या शहराला माहीत आहे. पण डोक्यात माझा कोपरा, दुसरं काही शिरायला जागाच नव्हती.

"तू केव्हा आलास?"

"मेच्या मध्याला."

बोटं मोजली. नोव्हेंबर. थंडी. जूनपासून हा माणूस थंडी विचारतोय, आणि मी त्याला म्हणते आयतं खातोस.

"कर्नलला ठाऊक आहे?"

"आहे. मला ठाऊक नाही असं त्याला वाटतं."

"घरी कोण आहे तुझं?"

"कोणी उरलं असतं तर कायद्याकडे लक्षच दिलं नसतं." मग म्हणाला, "तू मला रोज म्हणतेस उरकू दे, आणि मी रोज म्हणतो भांडू दे. देव कोणाचं ऐकतोय बघू."

त्याने चेष्टेत म्हटलं. मला बोलता येईना, आणि हे काही टॅगर्टमुळे नव्हतं.

रात्री प्रार्थनेला बसले. काय मागायचं ते ठरेना. खरं लिहिते, या वहीत खोटं कशाला. माझा कोपरा मागितला. मग उठून परत बसले, आणि काहीच मागितलं नाही.

८ सप्टेंबर, शनिवार

हवा पालटली. हॅगरने समोरच्याच फरसबंदीवर पातेलं आणून ठेवलं. म्हणते, मी नुसती उभी आहे.

कालवांची गाडी दहा-बारा दिवसांत येईल असं नदीवरचे म्हणतात. टॅगर्टला म्हटलं, "एक हाक. त्या दिवशी एकच."

"मला काय आनंद होतो का गं?" तो एकदम चिडून म्हणाला. "हुकूम कोणी दिला ते मलाही माहीत नाही. माझ्या वरच्याने सांगितलं. त्याला कोणी सांगितलं ते तो सांगत नाही. मी विचारलं तर म्हणाला, आतलं आहे."

इतके महिने मी ज्याच्याशी भांडले, त्याच्याही हातात काही नाही. त्यामुळे राग कमी व्हायला हवा होता. वाढला.

१७ सप्टेंबर, सोमवार

संपलं. दुपारी उशिरा दारं उघडली. साहेब सह्या करून बाहेर आले, एकमेकांचे हात धरत, जेवायला खानावळीकडे निघाले. माझ्या समोरून गेले. मी ज्याची एवढी वाट बघितली तो दिवस हा, आणि तोंडात चव नव्हती.

टायटस संध्याकाळी आला. कर्नल उद्या पहाटे निघणार, ट्रंका भरून झाल्या. मी वाडगा भरला. त्याने पेनी पुढे केली, मी घेतली नाही, त्याने पातेल्याशेजारी ठेवली.

मी म्हटलं, "आज रात्री माझ्याकडे ये. सायरस लाकडांच्या कोठारात जागा करील."

"कर्नलने कोचमनला आज माझ्या दाराबाहेर झोपायला सांगितलंय." मग म्हणाला, "तुझा देव जिंकला, मावशी. आता हाक मार बघू. मी अजून एकदाही ऐकली नाही. सगळे म्हणतात सहाव्या रस्त्यापासून नदीपर्यंत जाते."

टॅगर्ट तिथेच होता. मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "अजून हुकूम मागे घेतलेला नाही." पण दुसरीकडे बघत म्हणाला.

मी हाक मारायला हवी होती. टॅगर्ट मुद्दाम दुसरीकडे बघत होता, एवढं तर मला कळायला हवं होतं. तोंड उघडलं, पण वाटलं, या माणसाचं नशीब बुडालं त्या दिवशी मी आनंदाने ओरडू? मिटलं. टायटस थोडा वेळ थांबला, मग मान हलवून गेला.

त्याला वाटलं असेल मी टॅगर्टला घाबरले.

१९ सप्टेंबर, बुधवार

बाजाराचा दिवस. साहेबांनी जे ठरवलं ते सगळं पेपरात छापून आलं. खानावळीच्या पायरीवर उभं राहून एक छापखान्याचा माणूस मोठ्याने वाचत होता, माझ्या कोपऱ्यापासून दहा पावलांवर. दोनशे माणसं तरी जमली असतील. टॅगर्ट त्यांच्यातच, कान देऊन. एवढ्या मोठ्याने वाचायला हुकूम लागला नाही.

सुरुवात चांगली होती. आम्ही लोक हे करतो आणि ते करतो, आमच्यासाठी आणि पोराबाळांसाठी. मला बरं वाटलं. मग कोणत्या राज्याचे किती प्रतिनिधी, ते माणसं मोजून ठरणार असं आलं. माणसं कशी मोजायची तेही होतं. मोकळी माणसं सगळी धरायची. करारावरचे नोकर धरायचे. कर न देणारे इंडियन, म्हणजे इथले मूळचे लोक, सोडायचे. आणि "बाकीच्या सगळ्यांच्या" पाचांमागे तीन धरायचे.

"बाकीचे म्हणजे कोण?" गर्दीतून एकाने विचारलं.

वाचणाऱ्याने कागद वरखाली बघितला. "ते लिहिलेलं नाही."

लोक हसले. तो पुढे वाचू लागला.

माझ्या हातात डाव होता. जुलैतली ती दुपार समोर उभी राहिली. कर्नलचं हसणं, नाकवाल्या साहेबांचं पांढरं तोंड. काल ठरलेला भाव. खाली बघून पिणारी पाच माणसं, बाकीचे म्हणजे तीच. मी दोन पेन्यांसाठी भांडले होते. मला वाटलं रश्शाचं बोलणं चाललंय.

आणि तेवढ्यात नदीकडून शिंग ऐकू आलं.

कालवांची गाडी चेस्टनटवर वळली. दुसऱ्या रस्त्यावरून जाब आला, तिसऱ्यावरून आला. चौथ्यावर म्हातारी मक्याच्या कणसांवाली, तिचाही आला. पाचव्यावरून कोणी नाही, कारण पाचव्यावाली हॅगर माझ्यासमोर पातेल्याची कडी धरून उभी होती. गाडी स्टेट हाऊससमोर आली. गाडीवाल्याने माझ्याकडे बघून शिंग फुंकलं. हॅगरने पातेलं उचललं.

मी तोंड उघडलं तर नुसती हवा. एवढ्या महिन्यांत घसा गंजला होता. गाडीवाला थांबला. भला माणूस, दुसऱ्यांदा फुंकलं.

आईची हाक आली नाही. जे आलं ते असं,

"पाच वाडगे, पाच पेन्या! पाच म्हणजे पाच! मिरीचा रस्सा, पाच म्हणजे पाच!"

वाचणारा थांबला. दोनशे डोकी वळली. हॅगरने पातेलं खाली ठेवलं, माझ्या जागेवर नाही, आपल्या पायाशी. चाल तिला ओळखीची होती, शब्द नव्हते. माझ्याकडे बघत राहिली.

टॅगर्ट काठी घेऊन आला. "हुकूम..." म्हणाला.

"कोणाचा? नाव सांग."

तो उभा राहिला. वाचणाऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग खिशात हात घातला, आईची घंटा काढली, पातेल्याशेजारी ठेवली आणि पुढे गेला.

गाडीवाला शिंग फुंकत सातव्या रस्त्याकडे निघाला. कोपरा राहिला. लोक येऊ लागले, काही भुकेने, काही नुसते बघायला. एक साहेब विचारत होता, "पाच म्हणजे पाच, हे काय आहे?" मी म्हटलं, "भाव आहे."

टायटसची गाडी काल पहाटे निघाली. आज कुठे पोहोचली असेल कोण जाणे. माझी हाक नदीपर्यंत जाते, तिच्या पलीकडे जात नाही. दिवस मावळेपर्यंत दक्षिणेकडे तोंड करून ओरडले.